पंपाच्या एअर रायफलला लाकडी दस्ता : कामाच्या नोंदी

माझी ४.५ मिमीची पंपाची एअर रायफल नेमाला चांगली आहे. नळी, व्हॉल्व्ह, चाप यांबद्दल तक्रार नाही. तक्रार प्लॅस्टिकची होती. दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा मागचा भाग, पोकळ; गाल टेकला की आतून वाजायचा. पंपाच्या मुठीवरची शिवण पाचव्या-सहाव्या पंपाला तळहातात रुतायची. म्हणून हे दोन्ही भाग लाकडाचे करायला घेतले. आतल्या यंत्रणेला आणि ताकदीला हात लावायचा नाही, हे आधीच ठरवलं होतं.

सुरुवातीला वाटलं होतं की दस्ता हे मोठं काम आणि मूठ हे किरकोळ. झालं उलट. पंपाच्या रायफलमध्ये पुढची मूठ ही तरफ असते. एका छर्‍यामागे ती सहा वेळा उघडते, सहा वेळा दाबली जाते, आणि प्रत्येक वेळी सगळा जोर लाकडातून जातो. हे उशिरा कळल्यामुळे जे वाया गेलं ते सगळं खाली लिहिलं आहे.

८ नोव्हेंबर

आधी रायफल रिकामी केली. पंपाची रायफल ठेवताना मी एक पंप हवा आत ठेवतो, व्हॉल्व्ह नीट बसून राहावा म्हणून. त्यामुळे कपाटातून काढलेली रायफल कधीच रिकामी धरायची नाही. छर्रा नाही हे पाहिलं, बोल्ट (छर्रा भरताना मागे-पुढे सरकवायचा दांडा) मागे ओढला, सुरक्षित दिशेला चाप ओढला. पुन्हा बोल्ट, पुन्हा चाप. दुसर्‍यांदा फक्त टक् असा कोरडा आवाज आला, तेव्हा स्क्रूला हात लावला.

पहिली चूक इथेच. चापाच्या चौकटीचे दोन स्क्रू काढले आणि सुरक्षा-खटक्याची स्प्रिंग व तिच्यावरची ज्वारीच्या दाण्याएवढी पोलादी गोळी उडाली. स्प्रिंग मांडीवर सापडली. गोळी शोधायला दोन तास गेले, शेवटी चुंबक कापडात गुंडाळून जमिनीवर फिरवल्यावर मिळाली. आता ही चौकट मी मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालूनच उघडतो.

उरलेल्या वेळात मापं घेतली. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत ३४५ मिमी. प्लॅस्टिकचा दस्ता ३१० ग्रॅम. मुठीच्या आतली पोलादी पन्हळ १४ मिमी रुंद, २१८ मिमी लांब. प्रत्येक भाग काढण्याआधी एक आणि काढल्यावर एक असा फोटो घेतला. एकच घेतला असता तर कोणती पिन कोणत्या बाजूने आत जाते हे कळलं नसतं.

१२ नोव्हेंबर

मापाचा नमुना. जुन्याच दस्त्यावर फोमचे तुकडे चिकटपट्टीने बांधत गेलो. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल आपोआप टेकेल तिथे टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. नेमाचं मागचं छिद्र आणि नळीच्या टोकावरची माशी एका रेषेत दिसेपर्यंत फोमचे थर वाढवायचे. मला गालाखाली ११ मिमी उंची जास्त लागली, आणि लांबी १२ मिमी कमी. दोन संध्याकाळी यात गेल्या आणि पुढच्या सगळ्या कामात ह्याच दोन संध्याकाळी सर्वांत जास्त उपयोगी पडल्या. घाई करणार्‍याने बाकी कुठेही करावी, इथे करू नये.

बांधलेला आकार जाड पुठ्ठ्यावर उतरवला. त्यावर नळीची मध्यरेषा, दस्ता यंत्रणेला आवळणार्‍या लांब बोल्टची रेषा आणि चापाची जागा अशा तीन खुणा शाईने केल्या. पेन्सिलच्या खुणा हाताने पुसल्या जातात.

१६ नोव्हेंबर

लाकूड म्हणून जुन्या दाराच्या चौकटीचा सागवानी तुकडा घेतला. चांगला मुरलेला, रंग सुरेख. रंधा मारायला लागलो आणि तिसर्‍या फेरीला पात्याला खळी पडली. आत डोकं तुटलेला खिळा होता. जुनं लाकूड वापरायचं तर आधी चुंबकाने सगळीकडून तपासा. सागवान तसंही पात्याची धार लवकर खातं, त्यात खिळ्याने भर घातली. पात्याला पुन्हा धार लावायला संध्याकाळ गेली.

२३ नोव्हेंबर

पहिला दस्ता मोडला.

तुकडा रुंदीला जेमतेम होता, म्हणून पुठ्ठ्याचा नमुना थोडा तिरका ठेवून बसवला. मागच्या भागात लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, सुंदर सरळ आली. पण दस्त्याची मान, म्हणजे अंगठ्याने आणि बोटांनी धरायचा निमुळता भाग, तिथे रेषा तिरकी होऊन तीन बोटांच्या आत वरच्या कडेने बाहेर पडत होती. ते मला दिसत होतं. वाटलं, ३० मिमी जाडी आहे, टिकेल.

यंत्रणा बसवली, बोल्ट आवळला आणि पंप करून पाहिलं.  पंप करताना एक हात मान धरतो, दुसरा मूठ दाबतो, आणि दोन्ही हातांमधला सगळा वाकवणारा जोर त्या मानेत उतरतो. चौथ्या पंपाला सुकलेली शेंग फुटावी तसा आवाज आला. चीर रेषेबरोबर गेली, वरच्या कडेपासून चापाच्या खाचेपर्यंत.

ओळखीच्या सुतारकाकांना तुकडे दाखवले. ते बराच वेळ ती चीर अंगठ्याने चाचपत राहिले. मग म्हणाले, "लाकूड वाचवायला गेलास आणि मान घालवलीस. आधी मान आख, मग बाकीचं."

"चिकटवून चालेल का, काका?"

"शोभेला ठेवायचा असेल तर चिकटव. पंप मारणार असशील तर नको."

सागवान तेलकट, सरस धरत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. चौदा तासांचं काम गेलं. तुकडे ठेवले आहेत. सराव करायला आणि तेलाचा रंग पाहायला ते पुढे कामी आले.

२४ नोव्हेंबर

अक्रोडाची फळी घेतली, दोन इंच जाड. ह्या एका फळीलाच रायफलच्या किमतीचा तिसरा हिस्सा लागला, आणि खर्चात मोठी रक्कम ती एवढीच. नमुना घेऊनच गेलो होतो. फळीवर तो फिरवून फिरवून अशी जागा शोधली की मानेत रेषा बोल्टला समांतर धावेल. त्यासाठी मागच्या भागातला एक देखणा भोवरा सोडावा लागला. सोडला.

तुकडा कापून दोन्ही टोकांना मेण लावलं, म्हणजे टोकं आधी सुकून तडकणार नाहीत. वजन केलं: २१४० ग्रॅम. दर रविवारी वजन करायचं आणि ते स्थिर झालं की कापायला घ्यायचं. तोवर मूठ.

३० नोव्हेंबर

मुठीची रचना अशी. पोलादी पन्हळ पुढच्या टोकाला पंपाच्या नळकांड्यावर पिनने फिरते, आणि मूठ ह्या पन्हळीवर टोपीसारखी बसून एका आडव्या पिनने अडकते. लाकडात १४ मिमीची लांब खाच पाडायची, आरपार एक भोक घ्यायचं, बाहेरून आकार द्यायचा. ऐकायला एका दिवसाचं काम.

खाच आधी पाडली, ठोकळा चौकोनी असतानाच. तो चौकोनी असतो तेव्हा गुण्या लागतो, वाईसमध्ये नीट धरता येतो. बाहेरचा आकार एकदा गोल झाला की सरळ बाजूच उरत नाही. चार मिमीचं भोक मात्र हातातल्या ड्रिलने एकाच बाजूने मारलं. पलीकडे ते दीड मिमी खाली निघालं. मूठ बसवली तर एका बाजूला झुकलेली, डावी कड नळकांड्याला घासते.

भोकात कठीण लाकडाची खुंटी सरसाने बसवली, दुसर्‍या दिवशी दोन्ही बाजूंनी खूण करून दोन्हीकडून अर्धं-अर्धं भोक मारलं. मध्ये जुळलं. आठवडाभराच्या संध्याकाळी मिळून नऊ तास झाले होते. मूठ हातात इतकी छान बसत होती की मी ती तेल लावूनही टाकली.

८ डिसेंबर

मूठ चिरली, आठव्या पंपाला. पिनेच्या भोकातून थेट टोकापर्यंत.

ही चीर नीट पाहिली, कारण पुन्हा तेच करायचं नव्हतं. दोन कारणं सापडली. एक, भोकापासून लाकडाच्या टोकापर्यंत फक्त ७ मिमी लाकूड होतं आणि रेषा त्याच दिशेने धावत होती. पिन तिथे पाचरीचं काम करत होती. दुसरं आणि मोठं कारण खाचेच्या तळाशी दिसलं. तळाला पन्हळीचा घासलेला डाग फक्त मागच्या टोकाला, नाण्याएवढा. बाकीचा तळ कोरा. म्हणजे मी दाबत होतो तेव्हा लाकूड पन्हळीवर टेकलेलंच नव्हतं, अधांतरी होतं, आणि सगळा दाब ती एकटी पिन झेलत होती.

प्लॅस्टिकची मूठ उलटी करून पाहिली. आत प्रत्येक दोन बोटांवर एक आडवी फासळी, आणि सगळ्या फासळ्या पन्हळीला टेकलेल्या. दोन आठवडे ती माझ्या टेबलावर पडली होती. कापायच्या आधी जुन्या भागाची आतली बाजू बघा. काय कशाला टेकतं हे तिथेच दिसतं.

१४ डिसेंबर

दुसरी मूठ, अक्रोडाच्याच उरलेल्या पट्टीतून. आता पिनेच्या पुढे २० मिमी लाकूड ठेवलं. भोक ६ मिमीचं घेतलं, त्यात पितळी नळी इपॉक्सीने बसवली, पिन त्या नळीतून जाते. पिनेचं काम फक्त मूठ पडू न देण्याचं. दाब खाचेच्या तळाने झेलायचा.

त्यासाठी तळ एक मिमी जास्त खोल घेतला, इपॉक्सीत अक्रोडाचा बारीक भुसा कालवून दाट लेप केला, तळाला पसरला आणि पन्हळ त्यात दाबून बसवली. लेप पन्हळीचाच ठसा घेतो, त्यामुळे इंच न इंच टेकतं. पन्हळ चिकटू नये म्हणून तिला आधी मेण लावलं होतं.

१५ डिसेंबर

पन्हळ चिकटली.

मेण सपाट भागाला लावलं, दोन रिव्हेटच्या डोक्यांखाली लावलं नाही. तिथे लेप शिरून धरून बसला. ओढली, हलली नाही. लाकडी हातोडीने ठोकण्याचा मोह आवरला, नाहीतर तिसरी मूठ करावी लागली असती. केस वाळवायच्या यंत्राने पन्हळीला दहा मिनिटं गरम हवा दिली. पोलाद तापलं, इपॉक्सी नरमली, हळूहळू सरकवत निघाली. रिव्हेटजवळ लेपाच्या दोन खपल्या उडाल्या, त्या भरून घेतल्या. आता मी मेण कापसाच्या काडीने प्रत्येक कोपर्‍यात लावतो, आणि रिव्हेट, भोकं, खाचा आधी मळलेल्या मातीने बुजवतो.

२१ डिसेंबर

मूठ घट्ट, सरळ, पंपाला दणकट. पण एक नवीनच गोष्ट. चार पंपांपर्यंत ठीक, पाचव्यापासून मूठ मिटली तरी हात सोडल्यावर बोटभर पुन्हा उघडायची. आधी वाटलं पंपाच्या सीलमध्ये काही बिघडलं. यंत्रणा उघडायच्या बेतात होतो.

मग प्लॅस्टिकची मूठ परत लावून पाहिली. ती नीट मिटत होती. म्हणजे दोष लाकडातच.

पंपाचा सांधा असा असतो की मूठ पूर्ण मिटते तेव्हा तो मधली सरळ रेषा जेमतेम ओलांडतो आणि तिथेच थांबतो. शेवटचा तो छोटा खटका त्याचाच. लाकडाची वरची कड नळकांड्याला आधीच टेकत असेल तर सांधा त्या रेषेपर्यंत पोहोचत नाही. पिस्टन टोकापर्यंत जात नाही, त्याच्या पुढे थोडी दाबलेली हवा उरते, आणि तीच मूठ मागे ढकलते. मित्राच्या वेगमापकावर सहा पंपांना प्लॅस्टिकच्या मुठीने सेकंदाला सरासरी १६६ मीटर मिळत होते, लाकडीने १५९. फरक फार नाही, पण मूठ उघडी राहणं धोक्याचं. बोट मध्ये सापडतं.

कुठे टेकतं हे शोधायला साधा कागद पुरला. कागदाची पट्टी कड आणि नळकांड्याच्या मध्ये धरायची, मूठ मिटायची, पट्टी ओढायची. जिथे अडकते तिथे लाकूड जास्त. उजव्या कडेला मागून चार बोटांवर एक उंचवटा सापडला. कानशीने तो घालवला, आणि मग दोन्ही कडा सगळीकडे एक मिमी मोकळ्या केल्या. खटका परत आला. तो आवाज ऐकून फार बरं वाटलं.

मुठीच्या मागच्या टोकाला चापाच्या कड्यापर्यंत ३ मिमी जागा ठेवली आणि टोकाच्या कडा गोल केल्या. इथे बोटाची कातडी चिमटते.

२८ डिसेंबर

दस्त्याच्या ठोकळ्याचं वजन: २१४०, २१०२, २०८६, २०८३, आज २०८३. स्थिर. दस्ता सुरू.

सर्वांत आधी लांब बोल्टचं भोक, ठोकळा चौकोनी असताना. २१० मिमी खोल, ८ मिमी व्यासाचं. दोन्ही टोकांकडून मारलं, मध्ये दोन मिमी चुकलं. लांब बिट रेषेच्या मागे भरकटतं, हे होणारच असं धरून चाला. मी मधला भाग ११ मिमीच्या बिटने मोठा केला, त्यात पितळी नळी इपॉक्सीने बसवली. चूक झाकली गेली, शिवाय बोल्टच्या डोक्याला पितळ टेकायला मिळालं. बोल्ट आवळल्यावर आता लाकूड दबत नाही. पुढच्या वेळी मी ही नळी सुरुवातीपासूनच ठरवून बसवीन.

३ ते ११ जानेवारी

यंत्रणा लाकडात बसवणं. ह्या कामाला मी काजळ वापरलं. तेलाच्या दिव्यावर बशी उपडी धरून काजळी धरायची, दोन थेंब खाद्यतेलात ती कालवायची, पोलादाच्या खालच्या बाजूला ब्रशने पातळ पुसायची. यंत्रणा खाचेत सरळ खाली दाबायची, सरळ वर उचलायची. जिथे काळा ठिपका उठला, तेवढंच लाकूड पटाशीने काढायचं. पुन्हा काजळ, पुन्हा दाबा, पुन्हा काढा.

पहिल्या दिवशी तीन ठिपके उठत होते. दुसर्‍या दिवशी सात-आठ. ठिपके वाढतात तसं बसणं सुधारतं, हे सुरुवातीला उलटं वाटतं. आठवड्याच्या शेवटी खाच बिबट्याच्या पाठीसारखी ठिपक्यांनी भरली होती. पटाशीने तेव्हा ढलपीसुद्धा निघत नव्हती, नुसती धूळ निघायची. एका ठिपक्याला एक ओढ. माझी दहा मिमीची पटाशी रोज दोनदा धारेला लावली. बोथट पटाशी ठिपका काढत नाही, रेषा दाबते, आणि दोन दिवसांनी दबलेली रेषा पुन्हा फुगून वर येते.

नऊ जानेवारीला थकलेला असताना काम केलं. काजळ जास्त जाड लागलं, सगळा तळ काळा दिसला आणि मी सगळाच तळ खरवडला. एक मिमी खोल गेलो. यंत्रणा डुगडुगायला लागली. त्याच अक्रोडाची पातळ चकती कापून, रेषा जुळवून तळाला चिकटवली आणि पुन्हा बसवत आणलं. दोन दिवस मागे गेलो. काजळ इतकं पातळ हवं की पोलाद त्यातून चमकताना दिसावं.

चापाची खाच मात्र चांगली दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मोकळी ठेवा. लाकूड दमट हवेत फुगतं. ते चापाला टेकलं तर चाप परत येणार नाही, आणि हे कुठल्याही बंदुकीत खपवून घेण्यासारखं नाही. सुरक्षा-खटकाही दोन्ही बाजूंना पूर्ण सरकतो की नाही, ते दर वेळी जोडल्यावर रिकाम्या रायफलवर तपासलं.

१८ जानेवारी

बाहेरचा आकार. करवत, मग मोठी कानस, मग बारीक. दोन सुट्ट्या गेल्या आणि ह्या दोन्ही मला पूर्ण कामात सर्वांत आवडल्या. वर, खाली, पुढे, मागे मध्यरेषा आखली आणि पुसली गेली की लगेच परत आखली. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे जायचं नाही, दोन्हीकडे सारखे हात मारत जायचं. दिवा एका बाजूला खाली ठेवला की सावलीत खाचखळगे दिसतात, पण डोळ्यापेक्षा अंगठा जास्त खरं सांगतो. मान मी ठरवल्यापेक्षा दोन मिमी जाड ठेवली. पहिल्या दस्त्याचा आवाज अजून कानात आहे.

२५ जानेवारी

काचकागद: ८०, १२०, १८०, २४०, ३२०. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे तेल लावल्यावर वर येतात. १८० नंतर आणि ३२० नंतर ओल्या फडक्याने पुसून वाळू दिलं, उठलेले रेषे पुन्हा घासले. अक्रोडाची धूळ घशाला आणि डोळ्यांना झोंबते. मास्क लावूनच घासा. मी पहिल्या दिवशी लावला नाही, रात्रभर खोकलो.

संध्याकाळी उकळलेलं जवसाचं तेल लावलं. रंग पाहून मन भरून आलं आणि जाड हात दिला.

३१ जानेवारी

सहा दिवस झाले, दस्ता अजून चिकट. बोटाचे ठसे उमटतात, धूळ बसली आहे. जाड थर वरून धरतो, आत ओलाच राहतो. टर्पेंटाइनने सगळं पुसून काढलं, दोन दिवस वाळवलं, ३२० ने हलकं घासलं आणि पुन्हा सुरू केलं. आता पद्धत अशी: चार थेंब तेल, तळहाताने गरम होईपर्यंत चोळायचं, पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पूर्ण पुसायचं, चोवीस तास थांबायचं. असे सात हात. खाचेच्या आत आणि दस्त्याच्या मागच्या कापलेल्या टोकालाही तेल दिलं. ओल तिथूनच शिरते.

फडक्यांबद्दल मनापासून सांगतो. जवसाचं तेल वाळताना गरम होतं. बोळा करून टाकलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मी प्रत्येक फडकं बाहेर दोरीवर एकेरी पसरून वाळवलं आणि मग टाकलं. पसरायला जागा नसेल तर पाण्यात बुडवून ठेवा.

१५ फेब्रुवारी

जोडणी. लाकडी दस्ता ५६५ ग्रॅम, म्हणजे आधीपेक्षा २५५ ग्रॅम जास्त. तोल बोल्टजवळून तीन बोटं मागे आला. उभ्याने नेम धरताना तो मला थोडा मागे वाटतो. दस्त्याच्या मागच्या टोकातून २५ मिमीची दोन आंधळी (आरपार न जाणारी) भोकं मारून ७० ग्रॅम कमी केले, टोकाच्या रबरी पट्टीखाली ती झाकली गेली. बोल्ट आवळताना काजळाचा शेवटचा हात देऊन पाहिलं. ठिपके सगळीकडे सारखे.

२२ फेब्रुवारी

दहा मीटरवर तपासणी. जाड पेटी, मागे भरभक्कम आडोसा, डोळ्यांना चष्मा. प्रत्येक छर्‍याला सहाच पंप. पंप बदलले की छर्‍याची जागा बदलते, मग लाकडाची परीक्षा होत नाही.

पहिले पाच छर्रे एका ठिकाणी, पुढचे पाच बोटभर उजवीकडे. बोल्ट पाव फेरा सैल झाला होता. नवीन लाकूड पहिल्या काही दिवसांत बसतं. आवळला, पुन्हा झाडलं, दहाच्या दहा एका नाण्याखाली. मागच्या छिद्राची उंची तीन खटके खाली आणली. गाल ज्या जागी टेकतो तिथून माशी आपोआप समोर येते. फोमवर घालवलेल्या त्या दोन संध्याकाळी इथे वसूल झाल्या.

मूठ: साठ छर्रे, ३६० पंप. पितळी नळी जागेवर, तळहात शाबूत.

आजपर्यंतचे तास मोजले तर ९७. त्यातले ३५ मोडलेल्या दस्त्यात, चिरलेल्या मुठीत आणि निस्तरण्यात गेले.

५ जुलै

हवा दमट झाल्यापासून मुठीचा शेवटचा खटका मऊ वाटत होता. कागदाची पट्टी फिरवली. डावी कड पुढच्या बाजूला अडकते. लाकूड फुगून एक मिमीची जागा जवळजवळ भरली आहे. तिथे ०.४ मिमी काढलं आणि उघड्या पडलेल्या लाकडाला लगेच तेल दिलं. चापाची खाच मोकळी आहे, दोन सूत ठेवल्याचा फायदा झाला.

मानेच्या खालच्या बाजूला, बोल्टच्या नळीजवळ, केसाएवढी एक रेघ दिसली. चीर असेल, किंवा तेल न मुरलेला रेषाच असेल. नखाला लागत नाही. तिच्या दोन्ही टोकांना आडवी पेन्सिलची खूण केली आणि बाजूला तारीख लिहिली. दर पन्नास छर्‍यांनंतर भिंगाने बघणार. रेघ खुणेपलीकडे गेली तर पंप थांबवून मानेत आडवी पितळी काडी बसवणार. तिचं माप पुठ्ठ्यावर आखून ठेवलं आहे.